बॉनेटवरचा केस

त्या गॅरेजमध्ये तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे तिला घार म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. वय पंचवीस, उंची बेताची, तोंड बेताबाहेरचं. काम एकच: रंगवून वाळलेल्या गाडीभोवती फिरायचं आणि दोष काढायचे. हे काम फुकटात करणारी माणसं प्रत्येक घरात एखाद-दोन असतातच. हिला त्याचा पगार मिळत होता, एवढाच फरक.

ठोकलेली गाडी बडवून सरळ केली, रंग मारला, वर क्लिअरचा चकचकीत, पारदर्शक थर दिला, की घारीची पाळी. खोलीत दोन्ही भिंतींवर ट्यूबलाइटच्या रांगा होत्या. ती वाकायची, गाल जवळजवळ पत्र्याला टेकवायची आणि पत्र्यात पडलेल्या ट्यूबच्या प्रतिबिंबावरून नजर फिरवत जायची. उजेडाची रेघ सरळ गेली तर ठीक. कुठे मोडली, थरथरली, तर समजायचं की तिथे धुळीचा कण आहे, ओघळ आहे, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावरचा केस आहे. मग कागदी टेपचा तुकडा टर्रकन फाडून त्याच्या शेजारी चिकटवायचा. एकदा तिची टेप लागली की ती जागा घासून पुन्हा करायची, मालकांनी हात जोडले तरी.

टेप लागायची ती पेंटरकाकांच्या छातीवर. पेंटरकाका अठ्ठावन्न वर्षांचे. तीस वर्षं रंगाची पिचकारी हातात. मिशी अशी झुबकेदार, की मास्क लावताना आधी तिची सोय बघावी लागे. रंग मारण्याआधी ते जमीन पाण्याने भिजवायचे, पत्रा चिकट फडक्याने पुसायचे आणि आत कुणी शिंकला तर त्याच्या सात पिढ्या काढायचे. "माझ्या रंगात कचरा नसतो," हे त्यांचं वाक्य. "असतो, पण तुम्हाला दिसत नाही," हे तिचं. दिवसातून एकदा हे भांडण झालं नाही तर दोघांनाही चहा गोड लागत नसे. तिचा तसाही लागत नसे म्हणा, बिनसाखरेचा असायचा.

कारण घारीला डायबेटिस होता. दहाव्या वर्षापासून. एवढीशी पोर आणि डायबेटिस म्हटल्यावर लोक हळहळायचे, "गोड फार खात असेल, नाही?" ती म्हणायची, "हो ना, पिंपभर." खरं म्हणजे गोडाचा काही संबंध नव्हता. शरीराने एके दिवशी इन्सुलिन बनवायचं काम बंद केलं, तेही राजीनामा न देता. तेव्हापासून दिवसाला चार वेळा सुई, बोटाला टोच, आणि पर्समध्ये साखरेच्या गोळ्या. तिला त्याचं कौतुकही नव्हतं आणि रडणंही नव्हतं. जेवताना गप्पा मारत मारत ती पोटात सुई खुपसायची, आणि समोरच्याचा घास घशात अडकायचा.

आईचं मात्र तसं नव्हतं. आई एका शाळेच्या ऑफिसात होती, त्यामुळे घरात आजारपणसुद्धा फाइलला लागलेलं होतं. रक्त, वजन, पाय, डोळे, प्रत्येकाचं वेगळं पान. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा म्हणजे तपासायचा, असं शुगरच्या डॉक्टरांनी कधीच बजावून ठेवलं होतं. एकवीस वर्षांची होईपर्यंत आईने तिला हाताला धरून नेलं. मग पोरगी कमवायला लागली आणि म्हणाली, "आता मी माझी माझी जाईन."

गेलीही. एकदा. डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना सत्तरीची माणसं. एका आजींनी प्रेमाने विचारलं, "कुणाला घेऊन आलीस गं? आजोबांना?" आणि घार म्हणाली, "हो." झालं! एकदा आजोबा निर्माण केल्यावर स्वतः डोळ्यांत थेंब घालून घ्यायला कशी बसणार? शिवाय त्या थेंबांनी बाहुली मोठी होते, चार-पाच तास सगळं धूसर, म्हणजे दिवसभराच्या कामाचे तीनतेरा. पाणी प्यायला म्हणून ती उठली ती थेट रस्त्यावर. संध्याकाळी आईने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" "ठणठणीत." आईने फाइल काढली, डोळ्यांच्या पानावर तारीख घातली आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: डोळे ठीक.

पुढची तीन वर्षं तर ती दवाखान्याच्या पायरीपर्यंतही गेली नाही. तरी पानावर आणखी तीन वेळा डोळे ठीक झाले. आणि तिला त्यात खोटं बोलल्यासारखंही वाटत नव्हतं. अख्खं गॅरेज जिला घार म्हणतं तिचे डोळे बिघडतील कशाला? दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, लाल होत नव्हतं. हीच तर त्या आजाराची हरामखोरी, की तो दार वाजवून येत नाही.

आणि मग ती पांढरी गाडी आली.

गाडी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची. हेडबाई म्हणत सगळे. बाईंनी ती स्वतःच्याच फाटकावर ठोकली होती आणि चूक फाटकाची आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. बॉनेट पार चेपलेलं. काकांनी ते सरळ करून घेतलं, रंगवलं, वाळवलं, आणि सोमवारी घार त्यावर वाकली.

"केस," ती म्हणाली.

"कुठे?"

"हा काय. काळा, बोटभर, शेपटीला वळलेला. कुणाचा ते मी सांगत नाही, पण झुबक्यातला वाटतोय."

काका वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "मला दिसत नाही."

"तुमचाच आहे, तुम्हाला कसा दिसेल?" तिने टेप लावून टाकली. वाकताना तो केस जरासा सरकल्यासारखा वाटला होता तिला. पण उजेडाच्या रेघा डोकं हलवलं की सरकतातच, त्यात काय एवढं. काळ्या, निळ्या गाड्यांवर असलं काही दिसलं नव्हतं, तेव्हा दोष या गाडीचाच असणार. काकांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बॉनेट घासलं आणि पुन्हा रंगवलं.

मंगळवारी दोन केस निघाले, आणि एका कोपऱ्यात मिरपूड सांडल्यासारखे ठिपके.

"काका, तुम्ही रंग मारता की दाढी करता यावर?"

सगळे फिदीफिदी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पुन्हा वाकून बघितलं, पुन्हा काही दिसलं नाही, आणि त्या माणसाच्या मनाने घेतलं की आपले डोळे गेले. साधा विचार होता बिचाऱ्याचा. पोरगी पंचवीसची, मी अठ्ठावन्नचा. तिला दिसतंय, मला दिसत नाही. मग खराब डोळे कुणाचे? लहान पोरालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. संध्याकाळी ते चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "लांबचं उत्तम आहे, जवळचा नंबर किंचित बदललाय." काकांनी नवा चष्मा केला. आणि घरी जाऊन, बायको नको नको म्हणत असताना, तीस वर्षांची मिशी उतरवली.

बुधवारी गॅरेजमध्ये सुतकी शांतता. मिशीशिवायचा तो चेहरा बघवत नव्हता, कुणीतरी घरातलं सामान उचलून नेल्यासारखा दिसत होता. काका थेट कामाला लागले. डोक्याला टोपी, हातात नवे मोजे, जमीन दोनदा भिजवली, आणि बॉनेट तिसऱ्यांदा रंगवलं.

गुरुवारी घारीने त्यावर सात तुकडे लावले.

काकांनी ते सात तुकडे मोजले. मग नवा चष्मा काढून त्यांनी तो पुसला, पुन्हा घातला, बॉनेटवर नाक टेकेस्तोवर वाकले, आणि सरळ होताना त्यांचा स्फोट झाला.

"आता खूप झालं हं! तीन दिवस! मिशी घालवली मी तुझ्या नादाने! बायको बोलत नाही माझ्याशी! चल इकडे!" तिच्या बाहीला धरून ते तिला मालकांच्या ऑफिसात घेऊन गेले. कोपऱ्यात कालच आलेला नवा फ्रिज उभा होता, पांढराशुभ्र, हँडलवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. "बघ! यावर पण माझे केस आहेत का? वाक ना, वाक! तुला सगळीकडे माझेच केस दिसतात ना? सांग की!"

ते टोमणा मारत होते. तीही चिडून, मुद्दाम, मान तिरकी करून वाकली. तोंडात उत्तर तयार होतं.

फ्रिजवर केस होता.

तोच. काळा, बोटभर, शेपटीला वळलेला. शेजारी दुसरा, आणि खाली मिरपूड. तिने मान वळवली तर केस फ्रिजवरून उतरून भिंतीवर गेला. भिंतीवरून मालकांच्या पांढऱ्या शर्टावर आला, तिथून कपाळावर. मालक "काय गं?" म्हणेपर्यंत ती खिडकीपाशी गेली होती. बाहेर दुपारचं लख्ख आभाळ, आणि त्या अख्ख्या आभाळावर तो केस आरामात पोहत होता. आभाळ काही कुणी घासून पुन्हा मारू शकत नव्हतं.

तिने उजवा डोळा झाकला. आभाळ स्वच्छ. डावा झाकला. केस हजर.

पहिल्यांदा तिला हसू आलं, खरंच आलं. मिशी आठवली. मग हसू आतल्या आत विझलं.

काका तिच्याकडे टक लावून बघत होते. राग कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी तिला बाहेर, रंगाच्या डब्यांच्या रॅकमागे नेलं. "पोरी, हे रंगात नाही. हे तुझ्या डोळ्यात आहे."

"धूळ गेली असेल."

"धूळ गेली की माणूस डोळा चोळतो. तू चोळतेयस का?"

तिने मान हलवली, नाही म्हणून. काळे धागे, ठिपके दिसले तर त्याच दिवशी यायचं, हे वाक्य तिने शुगरच्या डॉक्टरांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

"आईला फोन लाव," काका म्हणाले.

"नको ना. काका, कुणाला सांगू नका. मालकांना तर नाहीच. डोळे गेले तर मी कोण हो? इथे नुसतं तोंड वाजवायला ठेवणार आहेत का मला?" तिचा आवाज चिरकला, आणि तिला स्वतःचाच राग आला. "सोमवारी जाते. सुट्टी टाकून. शप्पथ."

इथे काका चुकले. तीन दिवस जिच्या नजरेवर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवला, तिच्या शपथेवरही ठेवला. "सोमवारी म्हणजे सोमवारी," ते म्हणाले, आणि आत जाऊन बॉनेटवरचे सातही तुकडे काढून टाकले. हेडबाई संध्याकाळी गाडी घेऊन गेल्या. कामात काही खोट नव्हती, सोमवारपासूनच नव्हती.

सोमवार यायचा राहिला. शनिवारी सकाळी नाश्त्याआधी घारीने इन्सुलिनचं पेन हातात घेतलं, आकडा फिरवायला लागली, आणि उजव्या डोळ्यात काहीतरी सुटलं. दुखलं नाही. बादलीत कुणी शाई ओतावी तसं वरून खाली काहीतरी काळपट-तांबडं पसरत गेलं. पेनावरचा आकडा बुडाला, मग पेन, मग हात. तिने पटकन उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. आठाऐवजी अठरा लावले होते.

"आई," ती म्हणाली, "मला दिसत नाहीये."

आई ओट्यापाशी पाठमोरी होती. "चष्मा लागला असेल. मी मागेच म्हटलं होतं..."

"आई, मला उजव्या डोळ्याने काहीच दिसत नाहीये. आणि मी चार वर्षं डोळे दाखवलेले नाहीत."

आईने गॅस बंद केला. कपाट उघडलं आणि फाइल घेतली. रिक्षात दोघी बसल्या, फाइल आईच्या मांडीवर. सबंध रस्ताभर आईने तिच्याकडे एकदाही बघितलं नाही, फक्त तिचं मनगट असं पकडून ठेवलं होतं की हाताला मुंग्या आल्या.

डोळ्यांची डॉक्टर फार तर तिशीची असेल. तिने थेंब घातले, पडद्याचे फोटो काढले, स्वतःच्या कपाळाला दिवा बांधून दोन्ही डोळ्यांत खोल खोल बघितलं. मग फाइल मागितली. डोळ्यांचं पान उघडलं. बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकलं.

"डोळे ठीक, डोळे ठीक, डोळे ठीक... हे कुठल्या डॉक्टरांचं?"

"माझं," आई म्हणाली. "हिने सांगितलं, मी लिहिलं."

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर घारीला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. ती सरळ सांगत गेली. रक्तातल्या साखरेने पडद्याच्या बारीक नसा वर्षानुवर्षं खराब होत जातात. पडद्याला रक्त कमी पडलं की त्यावर नव्या नसा उगवतात, पण त्या असतात अगदी कच्च्या, कधीही फुटणाऱ्या. पंधरा वर्षांचा डायबेटिस असला की वय पंचवीस आहे की पंचाहत्तर, हे पडदा विचारत नाही. "उजव्यात नस फुटली आहे. तुला केस दिसत होते ना, ते रक्तच होतं."

"आणि डावा?" आईने विचारलं.

"डाव्यात तशाच नसा उगवल्यात. अजून फुटलेल्या नाहीत. आज लेझर सुरू केलं तर डावा वाचवायची चांगली संधी आहे. उजव्याचं मी वचन देत नाही. सुई द्यावी लागेल, बहुधा ऑपरेशनही."

"सुई कुठे?" घारीने विचारलं.

"डोळ्यात."

"मस्त," घार म्हणाली. "एवढीच जागा राहिली होती."

लेझरआधी अर्धा तास थांबायचं होतं. बाहेरच्या व्हरांड्यात आई एकदम थांबली आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. "माझ्या हाताने खोटं लिहून घेतलंस तू! माझ्या अक्षरात! मी वर्षावर्षाला ते पान बघून देवापुढे दिवा लावायचे, मूर्खासारखी! थोबाड फोडावंसं वाटतंय तुझं, पण डोळ्याला लागेल म्हणून थांबलेय!" बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्या माना वर झाल्या. आईला त्याचं काही नव्हतं. मग ती भिंतीला टेकली, आणि आवाज खाली आला. "आणि मी तरी कधी विचारलं का, कागद कुठे आहे म्हणून? शाळेत कागदाशिवाय मी एक पोर दाखल करून घेत नाही. घरातल्या पोरीचं नुसतं ऐकून लिहीत बसले. ठीक म्हणालीस की मला बरं वाटायचं, म्हणून नाही विचारलं."

"आई, चूक माझी आहे."

"तुझी तर आहेच! तुझी नाही असं कोण म्हणतंय?" आईने पदराने नाक पुसलं आणि तिचं मनगट पुन्हा पकडलं.

लेझरच्या यंत्रावर हनुवटी टेकवून घार बसली. समोर हिरव्या उजेडाचे टाचणीएवढे ठोके, एकामागून एक, शेकडो. काही नुसतेच लखलखायचे, काही आत खोल कुठेतरी दाताच्या ठणक्यासारखे लागायचे.

"डोळा हलवायचा नाही," डॉक्टर म्हणाली.

"शिंक आली तर?"

"तर मला अजिबात आवडणार नाही."

घार हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती इतका वेळ तोंड बंद करून बसली होती, आणि सबंध वेळ तिच्या डोक्यात एकच होतं: हा डोळा राहू दे. बाकी काय न्यायचं ते न्या.

पुढचे तीन महिने दवाखान्याचेच झाले. डाव्याला तीन वेळा लेझर, उजव्यात सुया, मग ऑपरेशन. सुईचं ती नंतर सगळ्यांना रंगवून सांगायची, पण पहिल्या वेळी आईचा हात तिने इतका दाबला होता, की आईला अंगठी घालता येईना. उजव्या डोळ्यातलं रक्त काढलं, तरी आतला पडदा सुरकुतलेला राहिला तो राहिला. त्या डोळ्याला आता माणूस दिसतो, माणसाचा चेहरा दिसत नाही. डाव्याची मधली नजर तगली. कडांचं थोडं गेलं, अंधारात चाचपडायला होतं, आणि पुढेही दर काही महिन्यांनी तपासून घेत राहायचं. "रोजच्या कामाला पुरेल," डॉक्टर म्हणाली. पण बारीक कण दिसणं हे काही रोजचं काम नव्हे, आणि ते तिला किती जमेल, हे डॉक्टरलाही माहीत नव्हतं.

ती गॅरेजमध्ये परत आली तेव्हा मालकांनी खुर्ची पुढे केली. मालक वाईट नव्हते. "इथे टेबलावर बस. फोन घे, गिऱ्हाइकांशी बोल. तोंड तर शाबूत आहे ना?"

"ते कापायला यंत्र निघालेलं नाही अजून," ती म्हणाली. "पण एकदा आत जाऊन बघते मी."

"बघ. आत लाल गाडीचं दार आहे. बघ, आणि काय ते मला सांग." मालक तिच्या मागोमाग आले. टेबल की रंगाची खोली, ते याच दारावर ठरणार होतं. तिलाही कळलं होतं आणि त्यांनाही.

काका आत होते. त्यांनी तिला बघितलं, मान हलवली, आणि वाटेतून बाजूला झाले. ट्यूबच्या रांगा पेटल्या. ती वाकली, गाल पत्र्याजवळ नेला. उजेडाची रेघ दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. तिने पुन्हा बघितलं. सरळ. तिसऱ्यांदा बघितलं. दार अगदी स्वच्छ होतं. किंवा तिला स्वच्छ दिसत होतं. पूर्वी या दोन गोष्टी तिला एकच वाटायच्या.

"काय? ओके?" मालकांनी विचारलं.

ओके म्हणायला काय लागतं? चार वर्षं तिने तेच केलं होतं, जीभ सरावलेली होती. काका तीस वर्षांचे पेंटर, दार स्वच्छच असणार, ओके म्हणून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ती सरळ झाली.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "दार चांगलं आहे, की मला दिसत नाहीये, तेच मला कळत नाहीये."

मालकांनी बाहेरच्या टेबलाकडे नजर टाकली.

"हँडलच्या खाली," काका म्हणाले. "वीतभर. कण आहे."

मालकांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसाने तीस वर्षांत कुणाच्या बापापुढे स्वतःच्या रंगातला कचरा कबूल केला नव्हता, तो माणूस खाली मान घालून हातमोजे काढत होता. "आहे म्हणतोय ना. मघाशीच दिसला मला. कोनातून बघ, पोरी. चेहरा वळव, डावा डोळा पुढे घे."

तिने चेहरा वळवला. सवय नव्हती, मान अवघडली. डावा डोळा हँडलच्या खाली आणला, रेघेच्या कडेकडेने हळूहळू सरकवला. काही नाही. पुन्हा. आणि मग रेघ एका जागी अगदी किंचित मोडली. मोहरीच्याही निम्मा असेल, एक काळा ठिपका. डाव्यातही सुरू झालं की काय? तिने नजर डावीकडे नेली. ठिपका आला नाही. उजवीकडे नेली. आला नाही. वर बघितलं, भिंतीकडे बघितलं, भिंत स्वच्छ होती. परत दाराकडे बघितलं, तर तो होता तिथेच बसला होता, रंगात रुतून.

"आहे!" ती किंचाळली. "आहे, काका, आहे! हलत नाहीये! घाण आहे तुमच्या रंगात! खरीखुरी घाण आहे!"

"ओरडू नकोस, गिऱ्हाईक बाहेर बसलंय," काका म्हणाले, पण टेपची गुंडाळी त्यांनीच तिच्या हातात दिली.

ती हसत होती आणि रडत होती, दोन्ही डोळ्यांनी, बऱ्या आणि बिघडलेल्या. मालक खोकल्यासारखं करून बाहेर गेले. तिने टेपचा तुकडा फाडला, तो बोटांनाच चिकटून चुरगळला. दुसरा फाडला आणि त्या कणाच्या शेजारी नीट दाबून बसवला.